दणदणाट, पण नीटनेटका

वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात नाटक असलं की साउंडवाल्यापुढे प्रश्न एकच असतो: नायिका कुजबुजली तरी शेवटच्या रांगेतल्या आजींना ते ऐकू आलं पाहिजे. हेवी मेटलच्या कार्यक्रमात हा प्रश्न उलटा होतो. आवाज पोचेल की नाही याची काळजी कुणालाच नसते, तो शेवटच्या रांगेतच काय, पलीकडच्या सोसायटीतल्या स्वयंपाकघरातही पोचतो. काळजी असते ती पोचलेल्या आवाजातलं काही कळतं का याची. तीन गिटार, एक बेस, ड्रम, टिपेला गाणारा गायक आणि समोर घसा फोडून ओरडणारी हजारो माणसं. एवढ्यातून गाणं गाणं म्हणून कानावर पडतं कसं? मेटल न ऐकणाऱ्याला हा सगळा गोंधळ वाटतो. आणि मेटल ऐकणाऱ्याला तो गोंधळ का वाटत नाही, हे बहुधा सांगता येत नाही. तेच जरा सावकाश उलगडून पाहू.

उदाहरण खाडीपलीकडचं घेऊ. शुक्रवार, 1 फेब्रुवारी 2008, वांद्रे-कुर्ला संकुलातलं एमएमआरडीएचं मैदान, बँड आयर्न मेडन. स्टीव्ह हॅरिस या बेसवादकाने 1975 च्या नाताळात पूर्व लंडनच्या लेटन भागात हा बँड काढला. म्हणजे मुंबईत आला तेव्हा तो बत्तिशीत होता. त्याआधी मार्च 2007 मध्ये बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर तो वाजवून गेला होता. तिथे त्यांच्याआधी दिल्लीचा परिक्रमा हा बँड वाजला, आणि त्याच वर्षी परिक्रमाला इंग्लंडमधल्या डाउनलोड महोत्सवात जागा मिळाली. मुंबईचं महत्त्व वेगळं होतं. एका मोठ्या जागतिक दौऱ्याचा नारळच इथे फुटला. त्या दौऱ्यावर सॅम डन आणि स्कॉट मॅकफेडियन यांनी ‘फ्लाइट 666’ हा माहितीपट काढला, तो 2009 मध्ये आला. त्याच्या ध्वनिमुद्रिकेत वेगवेगळी गाणी वेगवेगळ्या शहरांतून घेतली आहेत आणि त्यातलं पहिलं, ‘एसेस हाय’, मुंबईचं आहे. त्यामुळे पुढे जे सांगतो आहे त्यातलं बरंचसं वाचकाला स्वतःच्या कानांनी पडताळून बघता येईल.

वाशीकराला तेव्हा हार्बरची गाडी पकडून मानखुर्द, गोवंडी, चेंबूर, टिळक नगर करत कुर्ल्याला उतरायचं आणि तिथून रिक्षाने संकुलात जायचं, हाच रस्ता होता. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम पुढच्याच महिन्यात, मार्च 2008 मध्ये खुलं झालं. पुढे 2019 मध्ये यू-टू आणि जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्ले तिथे वाजले, आणि एवढे मोठे कार्यक्रम वाशीपासून तीन स्टेशनांवर आले. मेटलच्या श्रोत्यांना मात्र अजून पूल ओलांडण्याचीच सवय आहे. त्याआधीच्या पिढीचे हाल तर याहून जास्त. फरहाद वाडिया यांनी 1986 मध्ये धोबी तलावाच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव सुरू केला, तेव्हा वाशीला लोकलच नव्हती. ती मे 1992 मध्ये आली. तोवर गिटार ऐकायला जायचं तर बसने खाडी पार करायची.

आता मुळापासून, म्हणजे गिटारच्या तारेपासून सुरुवात करू.

मेटलची गिटार खरखरते. हा दोष नाही, मुद्दाम कमावलेला गुण आहे. तारेचं कंपन पिकअपमधून विजेच्या रूपात ॲम्पमध्ये जातं. ॲम्पला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त जोराचा सिग्नल दिला की त्या लहरीची वरची-खालची टोकं कापली जातात. गोल लहर चौकोनी होते, आणि चौकोनी लहरीत मूळ स्वराबरोबर वरचे असंख्य उपस्वर मिसळतात. स्वर जाड होतो, लांबतो, तार छेडून झाल्यावरही मरत नाही. व्हायोलिनवर गज जे काम करतो ते इथे ॲम्प करतो. पण याची किंमत मोजावी लागते. खरखरणाऱ्या ॲम्पमध्ये दोन स्वर एकदम सोडले की तो त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे स्वरही आपल्या पदरचे घालतो. कुणी न वाजवलेले हे स्वर मूळ स्वरांशी जुळले तर ठीक, नाही जुळले तर चिखल.

म्हणून मेटलच्या गिटारवादकाने पूर्ण कॉर्ड टाकून दिली आणि फक्त षड्ज-पंचम ठेवला. यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे 82 वेळा थरथरते. तिचा पंचम साधारण 123. दोन्हींची वजाबाकी 41, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज. न वाजवलेला, तरी ऐकू येणारा. दोन बोटांनी वाजवलेलं असं भरदार वाटतं त्यामागे हे भूत आहे. त्याच षड्जाला पंचमाऐवजी शुद्ध गांधार जोडला तर तो सुमारे 104 वर बसतो, वजाबाकी 21 च्या थोडी वर येते, आणि दोन सप्तकं खालचा षड्ज तर 20.6 वर असतो. जवळ, पण जुळत नाही, आणि ही विजोड गुरगुर सगळ्या स्वरावर पसरते. आमच्याकडे तानपुऱ्यात षड्ज-पंचम का, हे सांगायला शेकडो वर्षांची परंपरा आहे. बर्मिंगहॅमच्या कारखान्यातल्या पोरांनी ते ॲम्प जाळत जाळत शोधलं.

कारखाना हे मी उगाच म्हणत नाही. या संगीताचा पाया घालणाऱ्या ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. तिथे यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, त्यामुळे गेली ती नेमकी तार दाबायची बोटं. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, पातळ तारा लावल्या, आणि पुढे तारा उतरवून सैल केल्या, म्हणजे दाबायला सोप्या. तारा उतरल्या तसा स्वरही खाली गेला, जड झाला. सॅबथची पहिली ध्वनिमुद्रिका 13 फेब्रुवारी 1970 ला आली. जखमी बोटांसाठी केलेली सोय पुढे अख्ख्या प्रकाराची ओळख झाली.

मेडनमध्ये 1999 पासून तीन गिटारवादक आहेत: डेव्ह मरी, ॲड्रियन स्मिथ आणि यानिक गर्स. तिघांनी एकच गोष्ट एकाच पट्टीत वाजवली तर तिप्पट आवाज होईल, तिप्पट संगीत होणार नाही. म्हणून कामं वाटलेली असतात. एकजण खालची चाल धरतो, दोघं वर धून वाजवतात, पण एकच धून नाही. एकाचा स्वर दुसऱ्याच्या तिसऱ्या स्वरावर असतो. एकाने सा घेतला तर दुसऱ्याचा ग, मग रे-म, ग-प, असं दोघं जोडीने चालतात. आणि मगाशी ज्या गांधाराने चिखल केला तो इथे का चालतो? कारण तो आता वेगळ्या ॲम्पमधून येतोय. दोन स्वर एकाच ॲम्पमध्ये भेटत नाहीत, हवेत भेटतात, आणि हवा आपल्या पदरचं काही घालत नाही. हे कळलं की मेटलमध्ये दोन-तीन गिटार का लागतात हेही कळतं.

स्टीव्ह हॅरिसचा बेस हा आणखी एक धडा आहे. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला 41 वेळा थरथरते, आणि मोठ्या मैदानात हा पट्टा ड्रमच्या दणक्याने आधीच भरलेला असतो. तिथे घुसायला गेलो तर दोघंही हरवतात. हॅरिस बोटांनी वाजवतो, पिकने नाही, आणि सपाट विणीच्या तारांवर इतक्या जोराने आघात करतो की स्वराच्या आधी एक टकटकीत धातूचा ठोका ऐकू येतो. ढोल-ताशा पथकात पन्नास ढोलांच्या वर एक ताशा स्वच्छ ऐकू येतो तो याच कारणाने: जोर कमी, पण पट्टी वरची आणि टोक तीक्ष्ण. मेडनची ती प्रसिद्ध घोडदौडीची लय, एक लांब आणि दोन आखूड ठोके, ही मैदानाच्या टोकालाही कळते ती त्या टकटकीमुळे, गडगडाटामुळे नाही.

ड्रमवर 2008 मध्ये निको मॅकब्रेन होता. बरेच मेटल ड्रमर पायाच्या मोठ्या ड्रमला दोन पेडल लावतात, हा मात्र एकाच पायाने ती दौड सांभाळायचा. वाचकाला हे बारीकसारीक वाटेल, पण दोन पायांनी सतत भरलेली खालची जागा आणि एका पायाने मोकळी सोडलेली जागा यात मोठ्या मैदानावर कळण्याइतका फरक पडतो. मोकळ्या जागेतूनच हॅरिसची टकटक बाहेर येते. जुन्या बँडचं जुनेपण मला अशा ठिकाणी दिसतं. काय वाजवायचं हे तर नवख्यालाही ठाऊक असतं, काय सोडायचं हे जुन्यालाच.

हे सगळं स्टेजवर झालं. आता ते मैदानावर पोचवायचं.

स्टेजच्या दोन्ही बाजूंना क्रेनसारख्या सांगाड्यावरून स्पीकरच्या माळा लटकलेल्या दिसतात, वर सरळ आणि खाली आत वळलेल्या. यांना लाइन ॲरे म्हणतात. फ्रान्सच्या एल-अकूस्टिक्सने 1992 मध्ये आणलेल्या व्ही-डॉस्क नावाच्या संचाने ही पद्धत रूढ केली. त्याआधी स्पीकरच्या भिंती रचत. एका स्पीकरचा आवाज चहूकडे पसरतो आणि अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबलने उतरतो. त्यामुळे मागच्याला नीट ऐकवायचं तर पुढच्याचे कान फाडावे लागत. एकाखाली एक नेमक्या कोनात जोडलेल्या स्पीकरच्या लहरी मात्र एकमेकींत मिसळून एका उभ्या पट्ट्यासारख्या पुढे जातात. त्या वर आकाशात आणि खाली जमिनीत वाया जात नाहीत, आणि अंतर दुप्पट झालं तरी, काही अंतरापर्यंत, 3 डेसिबलच उतरतात. माळेचं वरचं टोक मागच्यांसाठी, खालचं वळण पुढच्यांसाठी. आवाज कमी ठेवूनही सगळ्यांना सारखा मिळतो. कार्यक्रम ‘लाउड’ होता हे कौतुक म्हणून सांगणारे बरेच भेटतात. मला विचाराल तर पन्नास फुटांवर आणि तीनशे फुटांवर तो सारखाच ऐकू आला का, हे विचारावं.

हे वळवणं वरच्या पट्टीच्या आवाजाला जमतं. बेसला नाही. 41 कंपनांच्या लहरीची लांबी आठ मीटरहून जास्त असते, आणि तेवढ्या लहरीला भिंत, झाड, माणूस काहीही अडवत नाही. ती वळसा घालून पुढे जाते. दूरच्या इमारतीत गाणं ऐकू येत नाही पण खिडकीची काच थरथरते, ती यामुळे. त्यावर उपाय म्हणून काही बेसचे डबे मुद्दाम उलट्या दिशेला तोंड करून आणि जरा उशिराने वाजवतात. त्यांची लहर मागच्या बाजूच्या लहरीला खोडून काढते आणि पुढच्या बाजूची शाबूत राहते. गोंगाट कमी करायला आणखी स्पीकर लावायचे, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण असंच करतात.

पुढचा प्रश्न उशिराचा. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, गरम हवेत थोडा जास्त. स्टेजपासून 70 मीटरवर उभ्या असलेल्याला ड्रमची काठी पडलेली आधी दिसते आणि ठोका एक-पंचमांश सेकंदाने ऐकू येतो. मोठ्या मैदानात मध्येच आणखी मनोरे उभारून त्यावर स्पीकर लावतात. आता वायरमधून वीज क्षणात पोचते आणि हवेतून आवाज रमतगमत. काही केलं नाही तर मनोऱ्याजवळच्या माणसाला प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. म्हणून मनोऱ्याचा आवाज यंत्राने तेवढाच मागे ठेवतात, वर आणखी दहा ते वीस मिलिसेकंद. हे वरचे कशाला? कारण आपला कान जो आवाज आधी येतो त्याच दिशेने तो येतोय असं मानतो. स्टेजचा आवाज एक कणभर आधी पोचला की शेजारचा मनोरा थोडा जास्त जोरात वाजत असला तरी गाणं स्टेजवरूनच येतंय असं वाटतं. हेल्मुट हास या जर्मन शास्त्रज्ञाने 1949 च्या सुमारास हे प्रयोगाने दाखवलं, आणि आज साउंडवाले त्याच्या नावाने ते ओळखतात. संध्याकाळ होऊन हवा थंडावली की आवाजाचा वेगही किंचित उतरतो, तेव्हा हे आकडे पुन्हा बघावे लागतात.

या सगळ्याचा सूत्रधार स्टेजवर नसतो. तो गर्दीत, स्टेजसमोर मधोमध, छपराखाली मिक्सर घेऊन बसलेला असतो. तिकीट कितीचंही असो, उभं राहायची मुभा असेल तर त्याच्या आसपास उभं राहावं. तो स्वतःच्या कानाला जे बरं वाटेल तेच करतो, आणि तुमचा कान त्याच्या शेजारी असला की तुमचंही भलं होतं. अगदी बॅरिकेडला चिकटलेल्यांना गायकाचा घाम दिसतो, पण माळांचा आवाज त्यांच्या डोक्यावरून जातो. तिथे बेसचा दणका आणि स्टेजवरच्या ड्रमचा सुटा आवाज जास्त, गायक कमी. ती जागा बघायला उत्तम, ऐकायला मध्यम.

मेडनच्या ‘फिअर ऑफ द डार्क’ला श्रोते शब्द नव्हे, गिटारची धूनच ओ-ओ करत गातात. हजारो माणसं एका सुरात गातात हा अनुभव अंगावर काटा आणणारा असतो. पण शंभर मीटरवरच्या माणसाला धून तीन-दशांश सेकंद उशिरा कळते, तो तिच्याबरोबर गातो, आणि त्याचा आवाज परत स्टेजवर यायला आणखी तीन-दशांश सेकंद लागतात. गायकाला मैदानाच्या मागच्या भागाचं गाणं अर्ध्या सेकंदाहून जास्त उशिरा ऐकू येतं. त्याने ते ऐकून लय धरली तर गाणं हळूहळू बसकण मारेल. म्हणून वादक स्वतःचा ठोका मॉनिटरमधून किंवा कानातल्या इअरपीसमधून घेतात आणि गर्दीचा आनंद घेत तिच्याकडे दुर्लक्ष करतात.

गर्दीलाही तिची शिस्त असते. स्टेजपुढे पोरं एकमेकांवर आदळतात तो मॉश पिट, आणि एका दिशेने गोल धावतात तो सर्कल पिट. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या भौतिकशास्त्रज्ञांनी 2013 मध्ये यावर शोधनिबंधच छापला. कार्यक्रमांचे व्हिडिओ मोजून त्यांनी दाखवलं की मॉश पिटमधल्या माणसांचे वेग वायूतल्या रेणूंसारखे विखुरतात, आणि सर्कल पिट म्हणजे भोवरा. रेणूंना नसलेला एक नियम मात्र पिटमध्ये कडक पाळतात: कुणी पडला की आजूबाजूचे थांबून आधी त्याला उठवतात. चष्मा घरी ठेवावा, चपला घालून जाऊ नये, आणि आदळायचं नसेल तर दोन पावलं मागे सरकावं. तिथे कुणी ओढत नाही.

खरा धोका आदळण्यात नसतो, दाबात असतो. मागून लाट आली की पुढच्यांना मागे सरता येत नाही. 20 ऑगस्ट 1988 ला इंग्लंडमध्ये डॉनिंग्टनच्या मैदानावर लाखाच्या वर माणसं होती, दिवसाचा शेवटचा बँड मेडनच होता. त्याच दिवशी आधीच्या एका बँडच्या वेळी चिखलात घसरून गर्दीखाली दोन तरुण गेले. आपल्याकडेही ऑक्टोबर 2011 मध्ये गुरगावला मेटालिकाच्या कार्यक्रमाआधी पुढचं बॅरिकेड तुटलं, कार्यक्रम झाला नाही, आणि चिडलेल्या गर्दीने स्टेजची मोडतोड केली. दोन दिवसांनी बेंगळुरूत तोच बँड सुरळीत वाजला. दोन्हीकडे गाणी तीच असणार होती. बॅरिकेड हा कार्यक्रमातला सगळ्यात कंटाळवाणा भाग आहे आणि सगळ्यात महत्त्वाचा.

आता वेळेचं. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद. वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते दिवस गणपती आणि नवरात्रातच जवळपास संपतात. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनाचा गळा याच नियमाने आवळला. शेजारी कॉलेज, शेजारी रुग्णालय, आणि 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथलं गाणंबजावणं थांबलं. त्या जागेबद्दल हळहळणाऱ्यांत मीही आहे, पण पलीकडच्या वॉर्डातल्या पेशंटला ती हळहळ सांगता येणार नाही.

या दहाच्या काट्यावरून सगळा कार्यक्रम उलटा मोजत येतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुंबईत साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याआधी दिवे लावून उपयोग नाही, उजेडात ते दिसत नाहीत. मुख्य बँडला अंधार हवा आणि दहाला संपवायचं, म्हणजे हाताशी जेमतेम तीन तास. त्यात आधीच्या बँडचं सामान काढणं आलं, आणि मेडनची सोळा गाणी, त्यातलं ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ हे कोलरिजच्या कवितेवरचं गाणं एकटंच तेरा मिनिटांच्या वर. मधे ते जवळजवळ थांबतं, जहाजाच्या लाकडाची करकर तेवढी ऐकू येते. संगीत म्हणून ती जागा सुंदर आहेच, पण गायकाला पाणी पिण्याची, ड्रमरला खांदे सैल करण्याची आणि श्रोत्यांच्या कानाला विसाव्याची ती मोजून ठेवलेली वेळसुद्धा आहे.

तो दौरा 1980 च्या दशकातल्या गाण्यांचा होता, पडदे आणि देखावा ‘पॉवरस्लेव्ह’ या 1984 च्या ध्वनिमुद्रिकेसारखा इजिप्तचा. गाणं बदललं की मागचा रंगवलेला पडदा बदलतो. यात संगीत नाटकवाल्यांना नवल वाटण्यासारखं काही नाही. एडी नावाचा त्यांचा राक्षसी पुतळा शेवटाकडे स्टेजवर चालत येतो आणि मोठी माणसं लहान मुलांसारखी टाळ्या पिटतात. पण एवढा पसारा पंचेचाळीस दिवसांत पाच खंडांत न्यायचा कसा? जहाजाने आठवडे जातात. त्यांनी एका विमान कंपनीचं बोइंग 757 भाड्याने घेतलं, मागच्या खुर्च्या काढून तिथे सामानाची जागा केली, आणि सुमारे बारा टन साहित्य, बँड आणि कामगार एकाच विमानात बसवले. विमान चालवायला गायक ब्रूस डिकिन्सन. हा गमतीचा भाग नव्हे, तो त्या विमान कंपनीचा पगारी वैमानिक होता. ‘एसेस हाय’ हे गाणं ब्रिटिश लढाऊ वैमानिकाचं आहे, तेव्हा मुंबईत पहिल्याच गाण्याला त्याने स्वतःची नोकरी गायली म्हणायला हरकत नाही.

म्हाताऱ्या बँडचे शरीराचे हिशेब वेगळे असतात. आवाज वरच्या पट्टीला पोचेना की पुष्कळ जुने बँड तारा अर्धा-एक स्वर उतरवून घेतात, आणि तरुणपणचं गाणं जरा जड होऊन येतं. डिकिन्सनला 2014-15 मध्ये घशाचा कर्करोग झाला, उपचार झाले, आणि 2016 मध्ये तो पुन्हा दौऱ्यावर निघाला, त्या वेळी 747 घेऊन. मॅकब्रेनला 2023 मध्ये पक्षाघाताचा झटका आला, तरी तो डिसेंबर 2024 पर्यंत दौरे वाजवत राहिला आणि मग थांबला. 2025 मध्ये बँडला पन्नास वर्षं झाली तेव्हा ड्रमवर सायमन डॉसन होता. तोच ठोका, वेगळे हात. हे बँड पाहायचे असतील तर ‘पुढच्या वेळी’ म्हणू नये. ब्लॅक सॅबथचा शेवटचा कार्यक्रम 5 जुलै 2025 ला बर्मिंगहॅमला झाला, त्यांचा गायक ऑझी ऑसबर्न सिंहासनावर बसून गायला, आणि सतरा दिवसांनी गेला.

कार्यक्रम सुरू होतोय आणि संपलाय हे मेडनचे जुने श्रोते स्पीकरवरच्या मुद्रित गाण्यांवरून ओळखतात. आधी यूएफओ या बँडचं ‘डॉक्टर डॉक्टर’ लागलं की पाण्याची बाटली संपवून जागेवर यायचं. शेवटी मॉन्टी पायथनचं विनोदी गाणं लागलं की आता पुन्हा कुणी येणार नाही, निघायचं. पण त्या गाण्याला गर्दीबरोबर धावू नका. दहा-पंधरा मिनिटं थांबलात तर गेटवरची रेटारेटी टळते आणि स्टेज उतरवताना बघायला मिळतं. ज्या वस्तू सकाळी शेवटी चढल्या त्या आधी उतरतात: माइक, तारा, ड्रम, मग दिवे, मग माळा. मेडनला तीन दिवसांनी, 4 फेब्रुवारीला, ऑस्ट्रेलियात पर्थला वाजवायचं होतं.

कानाचा विषय मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो कुर्ल्याहून परतताना आठवतो. 85 डेसिबलचा आवाज कान आठ तास सोसतो, आणि वर प्रत्येक 3 डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन, असं करत 100 ला फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी 100 डेसिबलची मर्यादा सुचवली, तीसुद्धा पंधरा मिनिटांची सरासरी धरून, आणि श्रोत्यांना इअरप्लग मिळावेत असंही सांगितलं. दोन तासांच्या कार्यक्रमात 20 डेसिबल कमी करणारा प्लग घातला की 100 चे 80 होतात आणि प्रश्न मिटतो. फोमचे प्लग स्वस्त, पण ते वरची पट्टी जास्त खातात आणि गाणं उशीतून आल्यासारखं वाटतं. वादकांसाठी मिळणारे फिल्टरचे प्लग सगळ्या पट्ट्या सारख्या उतरवतात, आणि गंमत म्हणजे त्यातून गाणं जास्त स्पष्ट ऐकू येतं. फार मोठ्या आवाजात कान स्वतःच खरखरायला लागतो, ॲम्पसारखा, आणि न वाजवलेले स्वर घालायला लागतो.

प्लग विसरलात तर परतीच्या लोकलमध्ये कानात दडे बसलेले असतील आणि बारीक शिट्टी वाजत असेल. कानातल्या सूक्ष्म केसपेशी थकल्याची ती खूण आहे. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत त्या सावरतात, वारंवार झालं तर कायमच्या जातात. अशा वेळी कार्यक्रमाची उजळणी म्हणून इअरफोन लावायचा मोह होतो. लावू नका. कान मंदावलेला असताना तुम्ही आवाज नेहमीपेक्षा बराच वर नेता आणि तुम्हाला ते कळतही नाही. मानखुर्द गेलं की पुलावर वारा येतो, खिडकीची जागा मिळाली तर बघा.